डिझाइनला गेलेलं पोर कागद का कापत बसतं? ‘रिपीट’ची गोष्ट, सोप्या भाषेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात बारावीनंतरचे रस्ते बरीच वर्षं ठरलेले होते. मार्क असतील तर इंजिनिअरिंग, थोडे कमी पडले तर डिप्लोमा, नाहीतर बीकॉम. आता मधूनच एखादं पोर डिझाइनला जातं. घरच्यांनी ओढाताण करून लॅपटॉप घेऊन दिलेला असतो. पहिल्या सेमिस्टरच्या सुट्टीत पोर घरी येतं, लॅपटॉप बॅगेतच राहतो आणि ते फरशीवर मांडी घालून चौकोनी कागदावर पानं-फुलं काढत बसतं. चांगली जमलेली असतात. मग कात्री घेऊन तोच कागद मधोमध कापून टाकतं.

“काय करालीस गं हे?”

“रिपीट काढालोय, आई.”

“अगं, कॉम्प्युटर दिलाय की त्याला!”

आईचं काही चुकलेलं नाही. उलट एआय आल्यापासून हा प्रश्न जास्तच टोकदार झालाय. ‘साडीसाठी जास्वंदीची नक्षी’ एवढं टाइप केलं की काही सेकंदांत नमुने हजर होतात. अशा वेळी कात्री, चिकटपट्टी आणि पेन्सिल घेऊन बसायला लावणारे मास्तर जुनाट वाटले तर नवल नाही. मला मात्र ते बरोबर वाटतात, निदान एका मर्यादेपर्यंत. नक्षी जमते किंवा फसते ती दोन फुलांच्या मधल्या जागेत. ती जागा डोळ्यांपुढे आणून ठेवायला कागद कापण्याइतका स्वस्त आणि सरळ उपाय दुसरा नाही.

चौकटीतलं चित्र आणि चौकट नसलेली नक्षी

महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएट, आमच्याकडे कर्नाटकात लोअर-हायर ग्रेड. चित्रकलेच्या या परीक्षा ज्यांनी दिल्यात त्यांना संकल्पचित्र आठवत असेल. एक चौकोन किंवा वर्तुळ द्यायचे, त्यात पानं, फुलं, पक्षी, वळणं बसवून रंगवायचं. कोपऱ्यात जागा उरली की तिथे एक पान टाकायचं आणि मोकळं व्हायचं. चौकोनाची रेघ आली की काम संपलं.

कापडाच्या अंगावरची नक्षी अशी संपत नाही. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण हातात घ्या. आपल्याकडे ओटी भरताना तो लागतो, चोळ्या त्याच्याच शिवायच्या, आणि आता तर कुर्ते, पर्स, दिवाळीचे आकाशकंदीलही त्याचे होतात. त्यावरची बारीक बुट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालूच असते. विणणाऱ्याने प्रत्येक बुट्टी वेगळी ठरवलेली नसते. त्याने एक छोटा तुकडा पक्का केलेला असतो आणि तोच पुन्हा पुन्हा येत राहतो.

इथे दोन शब्द लागतील, तेवढेच. एकट्या आकाराला, म्हणजे त्या बुट्टीला, डिझाइनवाले ‘मोटिफ’ म्हणतात. आणि शेजारी-शेजारी, फट न ठेवता, एकावर एक न चढवता मांडत गेलं की अख्खी नक्षी तयार होते अशा लहानात लहान तुकड्याला ‘रिपीट’ म्हणतात. रिपीटमध्ये एक मोटिफ असेल किंवा वीस असतील. फुलांबरोबर त्यांच्यामधली मोकळी जागाही रिपीटचाच भाग असते. नवख्यांच्या हे लवकर लक्षात येत नाही.

आता या व्याख्येतून काय निघतं ते बघा. एका रिपीटची उजवी कड पुढच्या रिपीटच्या डाव्या कडेला चिकटणार आहे. वरची कड खालच्या कडेला चिकटणार आहे. म्हणजे उजव्या कडेवर एखादं पान अर्धं कापलं गेलं असेल, तर उरलेलं अर्धं डाव्या कडेवर, नेमकं त्याच उंचीवर आणि त्याच जाडीच्या रेघेत यायला हवं. जे उजवीकडून बाहेर जातं ते डावीकडून आत येतं. संकल्पचित्रावर वाढलेल्या मुलाला हे जड जातं, कारण त्याच्या हाताला कडेच्या आत थांबायची सवय लागलेली असते. पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं म्हणूनच सगळं मधोमध काढतात आणि कडेला बोटभर जागा सोडतात. तसा रिपीट जुळतो हे खरं, पण प्रत्येक फूल आपापल्या खोलीत दार लावून बसल्यासारखं दिसतं. कापड सलग वाटतच नाही.

ठिपक्यांची रांगोळी येते त्याला अर्धं येतं

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची पहिल्या महिन्यात दमछाक होते ती स्ट्रेट, ब्रिक, हाफ-ड्रॉप असल्या शब्दांनी. खानापूरच्या आतल्या गावातून आलेली मुलगी हे शब्द वहीत लिहून घेते आणि वसतिगृहात जाऊन पाठ करते. खरं म्हणजे तिने हे सगळं दारात काढलेलं असतं.

ठिपक्यांच्या रांगोळीचे दोन ठळक प्रकार आहेत. एक सरळ ठिपक्यांचा: ७ ते ७ म्हटलं की सात ओळी, प्रत्येकीत सात ठिपके, एकाखाली एक. दुसरा मधल्या ठिपक्यांचा: ७ ते ४ म्हटलं की मधली ओळ सातची, तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार अशा उतरत्या ओळी, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. शेजारच्या कन्नड घरातल्या चुक्की रंगोलीतही हेच दोन प्रकार चालतात.

सरळ ठिपके म्हणजे स्ट्रेट रिपीट. फरशीसारखे तुकडे एकाशेजारी एक, एकाखाली एक. मधले ठिपके म्हणजे ब्रिक: पुढची ओळ अर्ध्या तुकड्याने आडवी सरकलेली, विटांच्या भिंतीत असते तशी. आणि तीच रांगोळी बाजूने उभं राहून पाहिली, म्हणजे ओळींच्या जागी उभे रकाने धरले आणि प्रत्येक पुढचा रकाना अर्ध्या तुकड्याने खाली सरकवला, की झाला हाफ-ड्रॉप. कापडात आणि भिंतीच्या कागदात हाफ-ड्रॉप फार चालतो. स्ट्रेट मांडणीत सारखी फुलं आडव्या आणि उभ्या रांगांत बसतात आणि डोळा त्या रांगा लगेच मोजायला लागतो. हाफ-ड्रॉपमध्ये सारखं फूल तिरकं सरकतं, रांग चटकन सापडत नाही आणि तेवढाच रिपीट मोठा असल्याचा भास होतो.

आणखी एक गोष्ट रांगोळी काढणाऱ्या बोटांना ठाऊक असते, ती पुढे कामाला येईल. सरळ ठिपक्यांत एका ठिपक्याला जवळचे शेजारी चार. त्यातून चौकोन आणि चार पाकळ्यांची फुलं सहज निघतात. मधल्या ठिपक्यांत जवळचे शेजारी सहा. तिथे षटकोन आणि सहा पाकळ्यांची फुलं आपोआप उमलतात. म्हणजे एकही रेघ ओढण्याआधीच, ठिपके टाकताना, कोणती फुलं सोपी जाणार ते अर्धंमुर्धं ठरून जातं.

कात्री नेमकं काय करते

आता त्या फाडलेल्या कागदाकडे येऊ. ही रीत सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे.

जाडसर कागदाचा २० × २० सेंटीमीटरचा चौकोन घ्या. कोपरे अगदी काटकोनात हवेत. इथे मिलिमीटरची कसर राहिली की शेवटी ती दुप्पट होऊन पुढे येते. चार कोपऱ्यांवर मागच्या बाजूने पेन्सिलीने १, २, ३, ४ लिहून ठेवा. मग कागदाच्या मध्यावर चित्र काढा: समजा एक मोठी जास्वंद, दोन कळ्या, चार-पाच पानं. एकच अट. चित्राने कुठल्याही कडेला शिवायचं नाही.

आता कागद उभा, बरोबर मधोमध कापा. हो, फुलातून. डावा तुकडा उजवीकडे ठेवा, उजवा डावीकडे, आणि मागून चिकटपट्टी लावून जोडा. जे मघाशी बाहेरच्या कडांवर होतं ते आता मध्यात आलं, आणि मध्यातलं फूल दोन अर्ध्यांत दोन टोकांना गेलं. मध्यात उभी मोकळी पट्टी दिसेल. ती भरा, पण वरच्या-खालच्या कडेला न शिवता.

मग कागद आडवा, मधोमध कापा. वरचा तुकडा खाली, खालचा वर. पुन्हा मागून जोडा. पुन्हा मध्यात काही रिकाम्या जागा उघड्या पडतील, त्या भरा. झाला रिपीट. आता या कागदाच्या चारही बाहेरच्या कडा म्हणजे कात्रीने केलेले काप आहेत. उजवी आणि डावी कड मुळात एकाच कापाची दोन अंगं असल्याने ती जुळणारच. वरची आणि खालची तशीच.

यात चलाखी कुठे आहे ते लक्षात घ्या. कडा जुळवायचं काम आपण केलंच नाही. कात्रीने कड उचलून मध्यात आणून दिली आणि आपण मध्यातच चित्र काढत राहिलो. ज्या जागेला हात बिचकत होता ती जागा हाताखाली आली. जोडावरून जाणारी फांदी आता एका दमात ओढता येते, म्हणून ती जोडावर अडखळत नाही.

हाफ-ड्रॉपला थोडी जास्त खटपट लागते. तिथे मी बटर पेपर वापरायला सांगतो. डाव्या कडेला जे काही कापलं गेलंय ते बटर पेपरवर उतरवून घ्यायचं, तो कागद उजव्या कडेवर नेऊन अर्ध्या उंचीने खाली सरकवायचा, म्हणजे २० सेंटीमीटरच्या चौकोनात १० ने, आणि तिथे उतरवायचं. सरकवल्यामुळे जे खालून बाहेर गेलं ते वरच्या बाजूने आत घ्यायचं. पहिल्यांदा डोकं गरगरतं. एकदा हाताने करून झालं की मात्र विसरता येत नाही. पोहण्यासारखंच ते, वाचून येत नाही.

चार प्रती भिंतीवर लावल्या की

एकटा रिपीट टेबलावर छान दिसतो आणि फसवतो. त्याच्या निदान चार झेरॉक्स काढायच्या, जमल्यास नऊ, कडा कापून भिंतीवर शेजारी-शेजारी लावायच्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे किलकिले करून पाहायचं. रंग, पाकळ्यांच्या शिरा, नाजूक काम सगळं विरघळतं. उरतात फक्त गडद डाग आणि मोकळ्या जागा.

आणि तेव्हा कळतं की दोन पानांच्या मधली जी इवलीशी फट टेबलावर खुपत नव्हती, ती प्रत्येक तुकड्यात त्याच जागी आल्यामुळे आता वरपासून खालपर्यंत एक सरळ पांढरी गल्ली झाली आहे. किंवा मोठं फूल जरा जास्तच गडद झालंय आणि भिंतीवर ठिपक्यांची पलटण उभी राहिली आहे. किंवा सगळी पानं उजवीकडे झुकल्यामुळे कापड तिरपं चालल्यासारखं वाटतं. यातली एकही खोट एका तुकड्यात दिसत नाही. ती पुनरावृत्तीतून जन्मते.

दुरुस्तीही तिथेच शिकायला मिळते, आणि ती अनेकदा उलटी असते. गल्ली बुजवायला तिच्यात फूल टाकावंसं वाटतं. ते टाकलं की दुसरीकडे गर्दी होते. शेजारची एखादी फांदी त्या मोकळ्या जागेत थोडी वळवली तर जास्त चांगलं जमतं, कारण डोळा फांदीबरोबर वळतो आणि सरळ पळत नाही. कुठे भर घालायची आणि कुठे नुसतं वळवायचं, हे कुठल्या पुस्तकात नियम म्हणून दिलेलं मला तरी नीट उपयोगी पडलेलं नाही. भिंतीपुढे उभं राहूनच ते उमगतं.

फुलं हवी तितकी, मांडण्या मात्र १७

इथे गणित डोकावतं. “गणित नको म्हणून तर डिझाइनला आलो” म्हणणाऱ्यांनी दोन मिनिटं धीर धरावा, यात सूत्रं नाहीत.

मोटिफ सरकवता येतो, फिरवता येतो, आरशात उलटवता येतो, किंवा उलटवून सरकवता येतो, ओल्या मातीत चालताना डावं-उजवं पाऊल उमटतं तसं. या चार हालचाली कशाही एकत्र केल्या तरी सपाट पृष्ठभाग दोन दिशांनी भरत जाणाऱ्या नक्षीच्या मांडण्या बरोबर १७ प्रकारच्या होतात. अठरावी नाही. रशियाच्या फेदोरोव्ह यांनी हे १८९१ मध्ये सिद्ध केलं, आणि जॉर्ज पोल्या यांनी १९२४ मध्ये स्वतंत्रपणे, सतराही प्रकारांच्या चित्रांसकट. पुढे डच चित्रकार एशर यांच्या हाती पोल्यांचा हा लेख आला. गणित त्यांना झेपणारं नव्हतं. त्यांनी ती चित्रं हाताने उतरवून काढली आणि तिथून त्यांची एकमेकांत अडकणाऱ्या पक्ष्यांची आणि सरड्यांची चित्रं बहरली. एक जगप्रसिद्ध चित्रकार विषय समजून घ्यायला नक्कल उतरवत बसला, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो.

काठाचा हिशेब वेगळा. इरकलीचा काठ एकाच दिशेने धावतो, त्यामुळे तिथे मांडणीचे प्रकार फक्त ७. ओळीने उभे त्रिकोण हा एक. पान वर, पान खाली अशी जाणारी नागमोडी वेल हा दुसरा, पावलांच्या ठशांचा. घरात जुन्या साड्या असतील तर गोमी, चिक्की पारस, गाडी असे काठ काढून बघा आणि प्रत्येक काठ उभ्या आरशात तसाच दिसतो का, आडव्या आरशात दिसतो का, उलटा धरून तसाच राहतो का, हे तपासा. एका दुपारचा उद्योग आहे.

मघाच्या चार आणि सहा शेजाऱ्यांची गोष्ट इथे परत लागते. सरकत-सरकत सगळीकडे पसरणारी नक्षी फिरवली तर ती अर्ध्या, एक तृतीयांश, पाव किंवा एक षष्ठांश फेऱ्यातच पुन्हा स्वतःवर बसू शकते. पाचाचा फेरा चालत नाही. नियमित पंचकोनाचा कोपरा १०८ अंशांचा असतो. एका बिंदूभोवती तीन ठेवले तर ३२४ होतात, ३६ अंशांची फट उरते, आणि चौथा बसत नाही. षटकोनाचा कोपरा १२० चा, तीन बसले की ३६० पुरे.

यावर हमखास शंका येते: जास्वंदीला तर पाच पाकळ्या असतात, मग ती काढायचीच नाही का? खुशाल काढा. फूल पाचांचं असू शकतं, मांडणी पाचांची होऊ शकत नाही. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ मध्ये बांधलेली कमल बस्ती आहे, तिच्या छतातलं दगडी कमळ ७२ पाकळ्यांचं. ते एका बिंदूभोवती फिरतं, त्याला शेजारी जुळवून घ्यायचा नाही, म्हणून त्याला ७२ पाकळ्यांची चैन परवडते. तेच कमळ साडीभर पसरायचं म्हटलं की ते चार शेजाऱ्यांत ठेवायचं की सहा, हे ठरवावं लागतं.

“पण कॉम्प्युटर हे क्षणात करतो ना?”

करतो. आणि तो जे करतो ते आपल्या कात्रीचंच काम आहे. फोटोशॉपमध्ये ‘ऑफसेट’ नावाची सोय आहे: चित्र अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवायचं, एका बाजूने बाहेर गेलेलं दुसऱ्या बाजूने आत घ्यायचं. कडा मध्यात येतात. वर सांगितलेले दोन काप एका क्लिकमध्ये. इलस्ट्रेटरमध्ये २०१२ पासून रिपीट काढता-काढताच आजूबाजूच्या प्रती दिसतात. फूल हलवलं की भिंतभर फूल हलतं. ही फार मोठी सोय आहे आणि ती नाकारण्यात काही शहाणपण नाही.

अडचण अशी की ज्याने कात्री चालवलेली नाही त्याला ऑफसेटनंतर पडद्यावर काय दिसतंय तेच कळत नाही. तो जोडावर नुसता रबर फिरवून रेघ पुसून टाकतो. जोड जातो, गल्ली राहते. पडदाही लहान असतो. तेरा-चौदा इंचांवर नक्षी पाहणं आणि भिंतीवर पाहणं यात फरक पडतोच.

एआयचं म्हणाल तर त्यातल्या काही साधनांत कडा जुळणारा तुकडा काढून मागायची सोयही आता आहे. कडा जुळतात. पण मोठं फूल कुठे जड पडतंय, रकाने कुठे उघडे पडतायत, हा काठ आहे की अंग, कापड साडी होऊन निऱ्यांत मोडणार आहे की पडदा होऊन सपाट टांगणार आहे, हे निवडणारा माणूसच असतो. नमुने शंभर मिळाले तर निवड शंभरपट अवघड होते. ज्याची नजर तयार नाही तो पहिल्या सुंदर फुलावर भाळतो.

या संदर्भात २०२३ ची एक बातमी सांगण्यासारखी आहे. कधीही पुनरावृत्ती होऊ न देता सपाट पृष्ठभाग फट न सोडता भरणारा एकच आकार असू शकतो का, हा गणितातला जुना प्रश्न होता. तो आकार सापडला इंग्लंडमधल्या डेव्हिड स्मिथ यांना. छपाईच्या क्षेत्रात काम करून निवृत्त झालेले, आकारांचा छंद असलेले गृहस्थ. टोपीसारखा दिसणारा, १३ बाजूंचा. आधी त्यांनी तो कॉम्प्युटरवर चाचपला आणि काहीतरी वेगळं जाणवल्यावर जाड कागदाचे तुकडे कापून हाताने एकाला एक लावून पाहिले. सिद्धता पुढे त्यांनी तीन अभ्यासकांच्या साथीने दिली, त्यात कॉम्प्युटरचीही मदत होती. हात आणि यंत्र असं मागे-पुढे चालतं. एकाने दुसऱ्याला हाकलायची गरज पडत नाही.

हाताच्या कामाचे देव्हारे मात्र माजवू नयेत. काही ठिकाणी अजून मुलांना सेमिस्टर-सेमिस्टर पोस्टर कलरने सपाट रंग भरायला लावतात, एक डाग पडला तर पूर्ण शीट पुन्हा. हा मला निव्वळ छळ वाटतो. रंग भरणं, रंगसंगती बदलून पाहणं, लहान-मोठं करणं, हे यंत्राने करावं. हाताने करायचं ते मांडणी, जोड आणि मोकळी जागा. स्ट्रेट आणि हाफ-ड्रॉप असे थोडे रिपीट मनापासून कापून झाले की लॅपटॉप उघडायला हरकत नाही.

“आमच्या आजीला हे न शिकताच येत होतं”

ती शिकली होतीच, फक्त फी भरली नव्हती. धारवाड-बेळगाव भागातलं कसुतीचं भरतकाम बघा. आपल्याकडच्या मराठी घरांतही इरकलीवर कशिदा काढणाऱ्या बायका टाक्यांची नावं कन्नडच घेतात: गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी. कापडावर आधी काही छापायचं नाही, रेघ ओढायची नाही. धागे मोजत जायचं. गवंतीत सुई जाताना एक टाका घेते, एक सोडते, आणि परत येताना सोडलेले भरत येते. पुढून आणि मागून नक्षी सारखी दिसते, गाठ कुठे दिसत नाही. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, सगळं उभ्या-आडव्या-तिरक्या टाक्यांत. सुरुवातीला एक धागा चुकला तर ओळीच्या शेवटी हत्तीचा पाय हवेत राहतो. रिपीटचं याहून कडक शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळत असेल असं मला वाटत नाही.

मग कॉलेज कशाला? कारण आजी स्वतःच्या सुईसाठी मोजत होती, विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या यंत्रासाठी मोजायचं असतं. प्रत्येक यंत्राचं माप वेगळं.

कापडछपाईचं रोटरी यंत्र घ्या. त्यात जाळीच्या गोल नळकांड्यातून रंग कापडावर उतरतो. त्या नळकांड्याचा घेर सर्रास ६४ सेंटीमीटर असतो. एक फेरा झाला की तीच जागा पुन्हा कापडावर येते. म्हणून रिपीटची उंची ६४ ला नि:शेष भागणारी हवी: ६४, ३२, १६, ८. कुणी हौसेने १५ सेंटीमीटरचा रिपीट केला तर तो चार वेळा बसून चार सेंटीमीटर उरतात, आणि दर फेऱ्याला फूल कापलं जातं. तो १६ चा करावा लागतो. नुसता ताणून केला तर फुलं लांबुडकी होतात, म्हणून मांडणीच पुन्हा करायची. मोजपट्टी आधी हातात घेतली असती तर हे वाचलं असतं.

बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूरकडे मागावर जॅकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे उचलणारं यंत्र, चढवलेलं असतं, तिथला हिशेब हुकांचा. जॅकार्डमध्ये प्रत्येक हुक रिपीटमधला ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा उचलतो. समजा हुक ४०० आणि इंचात धागे ८०. मग रिपीटची रुंदी ५ इंच, त्याहून जास्त नाही. सहा इंचांची देखणी बुट्टी घेऊन गेलात तर मागवाला ती परत करतो, कितीही देखणी असली तरी. शिवाय विणकामाचं चित्र ग्राफ पेपरवर उतरतं, एक घर म्हणजे एक धागा, त्यामुळे गोलाईच्या पायऱ्या होतात. त्या पायऱ्या कुठे गुळगुळीत वाटतील आणि कुठे करवतीसारख्या दिसतील, हे घरं भरून पाहिल्याशिवाय कळत नाही. इथेही पुन्हा पेन्सिल.

“मग पोटापाण्याचं काय?”

साडी, चादर, पडदे, फरशा, भिंतीचे कागद, पॅकिंगचे कागद, लॅमिनेट, वह्यांची कव्हरं: जिथे पृष्ठभाग आहे तिथे रिपीट लागतो. बेळगावात यंत्रमाग आहेत, पलीकडे इचलकरंजी आहे. मोठी नोकरी हवी तर बेंगळुरू किंवा मुंबई गाठावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी बसून परदेशी कंपन्यांना नक्षी विकणारेही आहेत, पण त्या बाजारात एआयच्या नमुन्यांची गर्दी झाली आहे आणि साध्या फुलापानांना भाव उरलेला नाही.

इंटर्नशिपसाठी किंवा कामासाठी नमुने दाखवायला जाणाऱ्यांनी एवढं करावं. नुसती सुंदर चित्रं नेऊ नयेत. प्रत्येक नक्षीबरोबर एक सुटा रिपीट, चार बाय चार प्रतींचा पसारा, स्ट्रेट की हाफ-ड्रॉप, रुंदी-उंची सेंटीमीटरमध्ये, रंग किती, आणि छपाईसाठी आहे की विणण्यासाठी, एवढं एका पानावर असावं. पाहणारा माणूस अनुभवी असेल तर आधी पसाऱ्याकडे बघतो, मग मापाकडे आणि शेवटी फुलाकडे. माप लिहिलेलं नसेल तर त्याला ते स्वतः काढत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ कामाच्या दिवशी कुणाकडे नसतो.